गाढवा, खाली बस!

परवा नातवाच्या पुस्तकात घोड्याच्या उत्क्रांतीचं चित्र दिसलं आणि १९७८ सालचा एक तास आठवला.

विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून मराठीच्या मास्तराला, म्हणजे मला, आठवी ब वर पाठवलेलं. फळ्यावर ओळीने घोडे काढले. पहिला इओहिप्पस, जेमतेम कोल्ह्याएवढा, पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. शेवटी उरलं एकच मधलं बोट आणि त्याचं नख म्हणजे खूर. हे सगळं साडेपाच कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत सुरू झालं, असं मी ठसक्यात सांगितलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत घोडे कशाला नेले?"

उत्तर येत नव्हतं. "गाढवा, खाली बस!" म्हणालो. वर्ग हसला.

प्रश्न बिनतोड होता हो! काही घोडे बेरिंगच्या भूपट्टीवरून आशियात गेले. मागे राहिलेले सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपले. हवामानामुळे की शिकाऱ्यांमुळे, यावर अजून वाद आहे. १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत नेले, ते परत माहेरी आले म्हणायचे.

माझी सरळ ओळही चुकलीच. ते झुडूप होतं, बहुतेक फांद्या वाळलेल्या. उरला एकच वंश: घोडा, रानगाढवं (कच्छच्या रणातलं घुडखर त्यातलंच) आणि तीन प्रकारचे झेब्रे. म्हणजे गाढव घोड्याचा सख्खा चुलतभाऊ!

त्या मुलाने मात्र वर्षभर माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही.