लंडनच्या नभोवाणी-गृहापाशीं

लंडनहून परत आलेल्या मनुष्यास लोक पहिल्यानें राजवाड्याविषयीं विचारतात, नंतर त्या मोठ्या घड्याळाविषयीं आणि शेवटीं थंडीविषयीं. मला मात्र पुण्याहून निघतांनाच एका निराळ्या जागेची ओढ लागली होती. मुलगा नोकरीनिमित्त तिकडे राहतो. त्याच्याकडे पोंचल्यावर तिसऱ्याच दिवशीं मीं सूनबाईंना म्हटलें, "मला आधीं पोर्टलंड प्लेस दाखवा." त्या हंसून म्हणाल्या, "बाबा, तेथें पाहण्यासारखें काय आहे? बी. बी. सी. ची कचेरी आहे ती." मीं म्हटलें, "कचेरीच पाहावयाची आहे."

या हट्टाचें मूळ शनिवार पेठेंतील आमच्या जुन्या वाड्यांत आहे. १९४२ सालीं माझे वडील बारा वर्षांचे होते. वाड्यांत माणसें सतरा आणि रेडिओ एक. तो आजोबांच्या बैठकींत, वर भरतकामाचा रुमाल घालून, देवांच्या खालोखाल मानानें ठेवलेला असे, आणि त्याची खुंटी फिरविण्याचा अधिकार एकट्या आजोबांचा होता. युद्धाच्या बातम्यांसाठीं ते लंडन लावीत. बराच वेळ खरखर व शिट्ट्या ऐकल्यावर एके दिवशीं त्यांतून एकाएकीं स्वच्छ मराठी शब्द बाहेर पडले, आणि तेही एका बाईच्या तोंडचे! माजघरांतून आजी दारापर्यंत आली व तेथेंच उभी राहिली. तो आवाज वेणू चितळे यांचा, हें मागाहून कळलें. "चितळ्यांची मुलगी एवढ्या लांब एकटी! मांसमच्छीच्या त्या मुलखांत ती खात तरी काय असेल?" एवढाच आजीचा प्रश्न होता.

धाकट्या काकांचा प्रश्न याहून अवघड होता. ९ ऑगस्ट रोजीं पुढारी पकडले गेले आणि काकांनीं कॉलेज सोडलें. भूमिगत होण्यापूर्वीं ते आजोबांस म्हणाले, "अण्णा, आवाज आपला असला तरी शब्द सरकारचे आहेत. ऐकूं नका." आजोबा म्हणाले, "शब्द कोणाचे कां असेनात, बातमी खरी आहे कीं नाहीं एवढेंच मी पाहतों." पुढें काका येरवड्यास गेले व वाद तेथेंच राहिला. वडिलांनीं हा प्रसंग मला इतक्या वेळां सांगितला होता कीं, त्या शब्दांचें उगमस्थान एकदां डोळ्यांनीं पाहावें असें मला फार दिवस वाटत होतें.

ऑक्सफर्ड सर्कसच्या भुयारी स्टेशनांतून वर येऊन रीजंट रस्त्यानें उत्तरेस चालूं लागलें म्हणजे समोर ऑल सोल्स या चर्चचा सुईसारखा निमुळता कळस दिसतो. रस्ता तेथें वळण घेतो आणि त्या वळणावर फिकट पांढऱ्या दगडाची एक वास्तु जहाजाच्या नाळेसारखी पुढें आलेली आहे. हेंच ब्रॉडकास्टिंग हाऊस. व्हॅल मायर या वास्तुशिल्पज्ञानें तें बांधलें व १९३२ सालीं तेथून ध्वनिक्षेपण सुरू झालें. दारावर शेक्सपिअरच्या नाटकांतील प्रॉस्पेरो हा मांत्रिक व त्याचा आज्ञांकित वायुरूप एरिअल यांची एरिक गिलनें घडविलेली मूर्ति आहे. वाऱ्यावर स्वार होऊन निरोप पोंचविणाऱ्या संस्थेला हें दैवत शोभण्यासारखें होतें. पण शिल्पकाराचें स्वतःच्या घरांतील घोर दुराचरण त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें, आणि २०२२ सालीं एका मनुष्यानें त्या मूर्तीवर हातोडा चालविला.

आंतल्या दालनांत लॅटिन भाषेंतील एक लेख कोरलेला आहे. कला व विद्या यांचें हें मंदिर पहिल्या नियामकांनीं सर्वशक्तिमान् ईश्वरास अर्पण केलें असून येथें पेरलेल्या चांगल्या बियांस चांगलें पीक यावें, असा त्याचा आशय आहे. त्यांत सर जॉन रीथ यांचें नांव आहे. पाद्र्याच्या पोटीं जन्मलेला, धंद्यानें इंजिनिअर व साडेसहा फूट उंचीचा हा स्कॉच गृहस्थ १९२२ सालीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं या संस्थेचा व्यवस्थापक झाला आणि १९३८ पर्यंत त्यानें ती एखाद्या कर्मठ कुलपुरुषाप्रमाणें चालविली. जाहिरात नाहीं, खर्च श्रोत्यांच्या परवान्याच्या पैशांतून. संध्याकाळीं निवेदन करणारानें, तो कोणास दिसत नसला तरी, जेवणाच्या समारंभाचा पोषाख करावयाचा! श्रोत्यांस जें आवडतें तें देण्यापेक्षां जें आवडावयास पाहिजे तें द्यावें, असा त्याचा बाणा होता. आमच्या आजोबांचें व त्याचें चांगलें जुळलें असतें. या रीथसाहेबांस हिंदुस्थानचें व्हाइसरॉयपद मिळावें अशी फार इच्छा होती. तें त्यांना मिळालें नाहीं. मात्र त्यांच्या संस्थेंतील लायोनेल फील्डन १९३५ सालीं दिल्लीस आले, आणि पुढच्याच वर्षीं आमच्या सरकारी नभोवाणीस 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें.

इमारतीच्या भिंती आज स्वच्छ दिसतात. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्रीं येथें बाँब पडला, तो कांहीं वेळानें आंत फुटला व सात माणसें मेलीं. त्या वेळीं ब्रूस बेल्फ्रेज रात्रीं नऊच्या बातम्या वाचीत होते. श्रोत्यांना दबका धडाका ऐकूं आला, क्षणभर वाचन थांबलें, आणि धुळीनें माखलेल्या त्या गृहस्थानें पुढचें वाक्य वाचण्यास सुरुवात केली. हें सूनबाईंस सांगत असतां माझा नातू म्हणाला, "आजोबा, ते पळाले कां नाहींत?" मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं.

नव्या बाजूच्या इमारतीपाशीं जॉर्ज ऑर्वेल याचा पुतळा आहे. तो नोव्हेंबर २०१७ मध्यें बसविला. एक हात कमरेवर, दुसऱ्यांत सिगारेट, आणि शरीर किंचित् पुढें झुकलेलें, जणूं कोणाशीं वाद चालला आहे. लोकांस जें ऐकावयास नको असतें तें त्यांना सांगण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्य, अशा आशयाचें त्याचें एक वचन शेजारच्या भिंतीवर कोरलेलें आहे. हा लेखक १९०३ सालीं बिहारांत मोतिहारी येथें जन्मला आणि १९४१ ते १९४३ या काळांत बी. बी. सी. च्या पौर्वात्य विभागांत हिंदुस्थानासाठीं कार्यक्रम करीत असे. त्याचा आवाज कैद केलेली एकही तबकडी आज उपलब्ध नाहीं. ज्याचा आवाज उरला नाहीं त्याचा बोलण्याच्या पवित्र्यांतला पुतळा पाहून मला कसेंसेंच वाटलें.

मी ज्यासाठीं आलों होतों तें स्थळ मात्र हें नव्हेच. पौर्वात्य विभाग १९४२ च्या मध्यापासून ऑक्सफर्ड रस्त्यावरील दोनशें क्रमांकाच्या इमारतींत होता. पूर्वीं तें एक मोठें कापडचोपडाचें दुकान होतें. युद्धामुळें त्याच्या मजल्यांवर कचेऱ्यांचे कप्पे पडले आणि तळघरांत उपाहारगृह निघालें. आम्ही पायींच तेथें गेलों. वाट दहा मिनिटांची. इमारतीच्या तळमजल्यावर दुकानें आहेत व दाराशीं खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या माणसांची गर्दी. रस्त्याच्या कडेस उभा राहून मीं वरच्या खिडक्या पाहिल्या.

त्या खिडक्यांआड झुल्फिकार बुखारी यांच्या देखरेखीखालीं हिंदी माणसांचा एक छोटा मेळाच जमला होता. पुढें चित्रपटांत नांव काढलेले बलराज साहनी त्यांपैकीं एक. आमच्या वेणूताई कोल्हापूराकडील शिरोळच्या, जन्म १९१२ चा. शिक्षणासाठीं त्या इंग्लंडांत गेल्या आणि युद्ध सुरू झाल्यावर नभोवाणींत शिरल्या. ऑर्वेलच्या त्या साहाय्यक होत्या. त्यानें इंग्रजींत लिहिलेलें वार्तापत्र मराठी, गुजराथी, बंगाली, तामिळ इत्यादि भाषांत जाई, आणि मराठी वार्तापत्राच्या कामांत चितळे असत. म्हणजे आमच्या बैठकींत जे शब्द उतरत, त्यांचा मूळ लेखक पुढें 'नाइन्टीन एटी-फोर' लिहिणारा ऑर्वेल होता! आजोबांना हें कधींच कळलें नाहीं.

आतां काकांचा मुद्दा. प्रत्येक लिखाणावर दोन मंजुऱ्या लागत, एक युद्धाच्या गुप्ततेसाठीं व दुसरी सरकारी धोरणासाठीं. वाचन चालूं असतां शेजारीं एक मनुष्य हातांत लेख घेऊन बसे. वाचणारा मंजूर मजकुराबाहेर गेला तर कळ दाबून आवाज तोडण्याचें काम त्याचें. म्हणजे काकांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. परंतु १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें तेव्हां लंडननें तें दडविलें नाहीं, हेंही खरें. आजोबांची परीक्षा युद्धाच्या बातमीपुरती होती व तींत लंडन बहुतेक उतरे. ऑगस्टांत घरोघर पोलीस येत होते. त्याविषयीं मनांतलें बोलण्याची मुभा मात्र त्या खोलींत कोणालाच नव्हती, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कैवारी असलेल्या ऑर्वेललाही नव्हती. तें बोलणें २७ ऑगस्टपासून मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सोबती गुप्त काँग्रेस रेडिओवरून जागा बदलीत करीत होते, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. दोन्ही बाजूंचें ऐकावयाचें तर आजोबांस खुंटी बरीच फिरवावी लागली असती.

पुढारी तुरुंगांत गेल्यावर दोनच दिवसांनीं, ११ ऑगस्टला, ऑर्वेलनें 'व्हॉइस' नांवाचें कवितांचें नभोवाणी-मासिक सुरू केलें. त्याच्या एका बैठकीचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, तंबिमुत्तु, जमेकाच्या उना मार्सन, मागें उभा उंच ऑर्वेल, आणि त्यांत वेणू चितळे. हें चित्र मीं नातवाला दाखविलें तेव्हां त्यानें बोट ठेवून विचारलें, "या आपल्या?" मीं म्हटलें, "होय, या आपल्या." एवढें म्हणण्यास आमच्या घरास ऐंशीं वर्षें लागलीं.

हिंदुस्थानांत आपलें फारसें कोणी ऐकत नाहीं, अशी ऑर्वेलची खात्री होत गेली, आणि १९४३ च्या नोव्हेंबरांत तो नोकरी सोडून गेला. शनिवार पेठेंतील सतरा माणसें त्याच्या हिशेबांत नव्हतीं.

आजीच्या प्रश्नाचें उत्तर मला पुस्तकांतून मिळालें. इंग्रज गृहिणींसाठीं युद्धकाळांत रोज सकाळीं 'किचन फ्रंट' नांवाचा कार्यक्रम होत असे. मांस १९४० पासूनच मोजून मिळूं लागलें होतें, आणि त्यावांचून स्वयंपाक कसा करावा याची त्या लोकांस विवंचना. त्या कार्यक्रमांत चितळे यांनीं आपल्याकडील शाकाहारी पदार्थांविषयीं माहिती सांगितली. आजी म्हणे त्या मांसमच्छीच्या मुलखाला चितळ्यांची मुलगी डाळभाजी शिकवीत होती! हें आजीस कळतें तर तिनें देवापुढें साखर ठेवली असती.

वेणूताई पुढें स्वदेशीं परतल्या. १९५० सालीं त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी मुंबईस निघाली. पुण्यांतील एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा. १९९५ सालीं त्या वारल्या. काकांनीं ती कादंबरी उतारवयांत ग्रंथालयांतून आणली. चार दिवस ते कोणाशीं बोलले नाहींत, आणि पुस्तक परत करतांना वडिलांना एवढेंच म्हणाले, "दादा, ही आपल्या माजघरांत बसून गेलेली दिसते." रेडिओविषयीं त्यांनीं अखेरपर्यंत आपलें मत बदललें नाहीं.

दोनशें क्रमांकाच्या दाराशीं वेणूताईंच्या नांवाची पाटी मीं पुष्कळ शोधली. मला ती दिसली नाहीं. पाऊस भुरभुरूं लागला होता. सूनबाईंनीं छत्री उघडली, आणि नातू म्हणाला, "आजोबा, त्या मराठींत बोलायच्या तें तुम्ही एकदां म्हणून दाखवा ना." वडिलांनीं शिकविलेली नक्कल मला येत होती. त्या गर्दींत, बसच्या थांब्याशीं उभा राहून, आधीं तोंडानें खरखर काढून मग मीं ती करून दाखविली.