नटाच्या हातातला काळ

मी पौडजवळ राहतो आणि जुन्या काळावरच्या चित्रपटांचं कलादिग्दर्शन करतो. मुळशी धरणाच्या पाण्याकाठी चित्रीकरणाची जागा पाहायला आलेल्या मंडळींना मी आधी कथेचं साल विचारतो. गोष्ट 1912ची असेल, तर हे पाणी फ्रेममध्ये येता कामा नये. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो 1921 ते 1924मध्ये. त्याआधी इथे भातखाचरं होती, नांदती गावं होती. ‘प्रेक्षकाला काय कळतंय?’ हे मला सहन होत नाही. ज्यांची गावं या पाण्याखाली गेली, त्यांची नातवंडंही प्रेक्षकच आहेत.

पण काळ खरा दाखवायचा म्हणजे पडद्यावर इतिहासाचा तास घ्यायचा नाही. हे मला परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) या चित्रपटाने शिकवलं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) हा मूकपट कसा केला, त्याची ही गोष्ट. स्त्रीपार्टासाठी मिशी काढा म्हटल्यावर नट बिथरतात. वडील हयात असताना मिशी काढायची कशी? ही रीत कधी न ऐकलेल्या शाळकरी पोरालाही त्यांची अडचण कळते आणि तिच्यासोबत तो काळही.

आमच्या कामाचं मर्म इथेच आहे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा: हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे. कॅमेरा कितीही अस्सल मिळवा, नटाने हँडल गरागरा फिरवलं की तो खोटा दिसतो. म्हणून मी नटाकडून आधी ती लय घोटून घेतो. कच्च्या फिल्मच्या कडेची भोकंही तेव्हा घरी पाडावी लागत. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ते काम अंधारात करत. ते हात नीट दिसले, तर अख्खं घर या खटाटोपात कसं उतरलं होतं, हे सांगायला संवाद लागत नाही.

काही गाळावंही लागतं. मोकाशी यशापाशी थांबतात. 1944मध्ये नाशिकला हलाखीत गेलेले फाळके त्यांच्या चित्रपटात नाहीत. मला ही लबाडी वाटत नाही. गोष्ट कुठे थांबवायची, हा दिग्दर्शकाचा अधिकार. नसलेलं घुसडण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज थोडाच भाग उरला आहे. मूळ कृतीच हाताशी नसली, की लोकांच्या मनातले फाळके आम्ही दाखवू तसेच राहतात. ते कुणालाही सहज कळावेत यासाठी झटायचं, आणि तितकंच, ते चुकीचे कळू नयेत यासाठीही.