जुन्या रिव्हॉल्व्हरचे पथ्य

काही वस्तू फार टिकाऊ असतात, पण त्यांना लागणारा खुराक बाजारातून आधी नाहीसा होतो. ग्रामोफोन ठणठणीत असतो, पण त्याच्या सुया मिळत नाहीत. कॅमेरा उत्तम असतो, पण त्या मापाची फिल्म कोणी बनवत नाही. माझ्या माहेरच्या रिव्हॉल्व्हरची गत अशीच झाली आहे. आजोबा संस्थानी पोलिसात फौजदार होते. त्यांचे ते विलायती शस्त्र पुढे वडिलांच्या आणि मग रीतसर परवान्यावर माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आले. गेल्या चाळीस वर्षांत त्यातून एकही बार निघालेला नाही, कारण त्याच्या मापाची काडतुसेच मिळत नाहीत.

बंद पडलेली काडतुसे माणूस घरी बसून पुन्हा बनवू शकतो, हे मला मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले तेव्हा कळले. ऑगस्टपासून सहा महिने मी ओहायो राज्यात राहिले. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ एकटेच राहत. सारे आयुष्य त्यांनी कारखान्यात लेथवर काम केले होते. आमच्याकडचा नळ बिघडला की ते दुरुस्त करून देत, आणि मी त्यांना वरणभाताचा डबा पाठवी. एकदा डबा द्यायला मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले, तर ते छोट्या तराजूवर काहीतरी मोजत होते. मी बोलणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले. मोजून झाल्यावरच ते हसले आणि म्हणाले, "माफ करा. बारूद मोजताना मी कोणाशी बोलत नाही."

त्यांच्याकडे त्यांच्या आजोबांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर होते. आजोबा इंग्रज. पहिल्या महायुद्धात ते त्यांच्या कमरेला होते. ब्रिटिश सैन्याने वेब्ली १८८७ मध्ये स्वीकारले. त्याचे .४५५ मापाचे काडतूस १८९१ मध्ये आले. सुरुवातीला त्यात काळी बारूद असे. पुढे कॉर्डाइट ही धूर न करणारी बारूद आली. तिला जागा कमी लागते, म्हणून १८९७ मध्ये पितळी पुंगळी आखूड करण्यात आली. १९१५ मध्ये त्या रिव्हॉल्व्हरचा सहावा आणि शेवटचा नमुना निघाला. शेजाऱ्यांकडचे तेच. १९४७ मध्ये ब्रिटिश सैन्याने .४५५ ला कायमचा निरोप दिला.

सैन्याने टाकून दिलेली ही रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. पण काडतुसे कुठून आणायची? व्यापाऱ्यांनी तोड काढली. त्यांनी फिरत्या सिलिंडरची मागची बाजू थोडी तासली, म्हणजे अमेरिकन पिस्तुलाचे .४५ चे काडतूस त्यात बसू लागले. बसले खरे, पण त्या काडतुसाचा दाब जुन्या पोलादाला पेलण्याजोगा नव्हता. "बसते म्हणून चालते असे नाही," शेजारी म्हणाले. त्यांचे रिव्हॉल्व्हर या तासणीतून वाचले होते. मूळ मापाची काडतुसे एखादी कंपनी अधूनमधून काढते, पण ती महाग असतात आणि वेळेवर मिळतीलच असे नाही. म्हणून ते स्वतःची स्वतः भरत.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, बारूद आणि शिशाची गोळी. यातली पुंगळी तेवढी पुन्हा वापरता येते. ते १८७३ सालापासून चालत आलेल्या .४५ कोल्ट काडतुसाची पुंगळी घेत. तिची जाडी जुळते, पण लांबी फार. ती लेथवर कापून आखूड करायची आणि बुडाची कड पातळ करायची. गोळी मऊ शिशाचीच लागते. मूळ गोळीचा तळ पोकळ असे. बार उडाला की दाबाने तो फुगे आणि गोळी नळीच्या आट्यांना घट्ट बसे. कडक शिसे किंवा तांब्याचे वेष्टण घातले की तो मेळ बिघडतो.

त्या कामातले वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. मूळ गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम वजनाची, आणि वेग सेकंदाला सुमारे ६०० फूट. अशी जड गोळी सावकाश सोडणारे हे शस्त्र आहे. बारूद मात्र ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची.

मला वाटले होते की हे बंदुकीच्या ताकदीचे वेड असेल. पाहिले ते उलटेच. त्यांची सगळी धडपड कमीत कमी बारुदीत काम भागवण्याची होती. आजची बारूद इतकी थोडी लागते, की पुंगळीचा बराच भाग रिकामा राहतो. म्हणूनच चुकून दुसरे माप पडले तरी ते बाहेर सांडत नाही, बाहेरून कळतही नाही. मग सिलिंडर फुटतो आणि हातही जातो. यासाठी ते सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करत आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत दिवा धरून बघत. टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा. तिथे चहा नाही, खाणे नाही. उठल्यावर आधी साबणाने हात, कारण शिसे पोटात जाणे वाईट.

एका शनिवारी त्यांचा कॉलेजात जाणारा नातू आला होता. तो म्हणाला, "ग्रँडपा, थोडी जास्त घाला ना. आवाज तरी दणकून होईल!" आजोबांनी मान वर न करता उत्तर दिले, "हे रिव्हॉल्व्हर माझ्या वडिलांपेक्षाही वयाने मोठे आहे. त्यांना तू म्हातारपणी धावत जिना चढायला लावले असतेस का?" नातू गप्प झाला आणि ठोकळ्यातल्या पुंगळ्या मोजू लागला.

त्यांच्या फळीवर काचेच्या बरण्यांत रिकाम्या पुंगळ्या होत्या. मी पुण्याची हे कळल्यावर त्यांनी एक शोधून माझ्या हातावर ठेवली. .३८० रिव्हॉल्व्हरच्या त्या पुंगळीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरे होती. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण! १८६९ पासूनचा हा कारखाना, त्याच्या भोंग्याच्या गोष्टी आमच्या घरी कितीदा ऐकलेल्या, आणि त्याचे पितळ मला भेटले ते ओहायोत.

दसऱ्याच्या आधी भावाचा फोन आला. मी त्याला हे सगळे पूर्वी उत्साहाने सांगितले होते. तो म्हणाला, "ताई, इथे एक जण भेटलाय. जुन्या पुंगळ्या दिल्या तर भरून देतो म्हणतो. दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की आजोबांच्या नावानं एक बार काढू."

मी शेजाऱ्यांना विचारले. त्यांनी मला उलट विचारले, "त्या माणसाने तुमच्या रिव्हॉल्व्हरची नळी मोजली आहे का? कोणती बारूद घालणार, ते सांगितले का? त्याच्याकडे तराजू आहे का?" मग म्हणाले, "दुसऱ्याने भरलेले काडतूस मी माझ्या शस्त्रात कधी घालत नाही. सख्ख्या भावाने भरलेले असले तरी."

कायद्याचा प्रश्न तर आणखी मोठा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. शिवाय आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मी भावाला म्हटले, "अरे, आजोबा फौजदार होते. त्यांच्या नावानं चोरून भरलेला बार काढायचा?" तो रागावला. आठ दिवस फोन नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. पाटावर रिकामे, उघडलेले रिव्हॉल्व्हर, त्यावर झेंडूची फुले आणि आपट्याची पाने. खाली एक ओळ: "सगळे सुखरूप." पुढच्या आठवड्यात आजोबांच्या डब्यातली हिरवी पडलेली काडतुसेही त्याने स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. परवाना चालू आहे तोवर रिव्हॉल्व्हर घरी राहील. पुढे मुलाला नको असेल तर तेही रीतसर जमा करायचे, असे आमचे ठरले आहे.

११ नोव्हेंबरला, पहिले महायुद्ध थांबले त्या दिवशी, शेजारी मला त्यांच्या क्लबच्या मैदानावर घेऊन गेले. कानांवर संरक्षक लावून मी मागे उभी राहिले. त्यांनी सहा काडतुसे झाडली, दोन बारांमध्ये थोडे थांबून. मग रिव्हॉल्व्हर मधोमध उघडले, सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडल्या. त्या त्यांनी मोजून खिशात टाकल्या.

परतताना मी विचारले, "दर वर्षी येता?"

"हो. पण हात कापायला लागलाय," ते म्हणाले. "ज्या दिवशी तराजू स्थिर असेल आणि चिमटीतली बारूद हलेल, त्या दिवशी मी भरणे बंद करीन. नातवाला मी तेवढेच शिकवतोय. केव्हा थांबायचे, ते."