एका टेबलावर दोन तसबिरी

ऑगस्टची पहिली तारीख आली की आपल्या शाळांत आणि कचेऱ्यांत एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडल्या जातात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. हार वेगळे, उदबत्ती एकच. तलाठ्याच्या कार्यालयात त्याच दिवशी महसूल दिनही असतो. सातबाऱ्याचं नवं वर्ष भर पावसात सुरू व्हावं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. अमरावतीत १९१३ साली याच तारखेला भगवानदादा जन्मले, पण त्यांना टेबलावर जागा नसते. ‘अलबेला’त नाचणाऱ्या माणसापुढे गंभीर चेहरा करून उभं राहायचं कसं?

टिळक आणि अण्णाभाऊ यांच्या बाबतीत नुसती तारीख नाही, सालही एकच. १ ऑगस्ट १९२०, रविवार. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. भर पावसात माणसं लोटली, गांधीजींनी खांदा दिला, गिरगाव चौपाटीच्या वाळूत चिता पेटली. असहकाराची चळवळ त्याच दिवशी सुरू व्हायची होती, ती झाली. आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात, गावकुसाबाहेर, भाऊराव साठ्यांच्या घरी तुकाराम नावाचा मुलगा जन्मला. तेच पुढे अण्णाभाऊ.

इथे वक्त्यांना राहवत नाही. एक सूर्य मावळला, दुसरा उगवला, असं म्हणून ते टाळ्या घेतात. मला हे वाक्य दर वर्षी खटकतं. त्यात एक वारसा गुपचूप चिकटवलेला असतो. टिळक वकिलीची पदवी घेतलेले; मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, असं सांगतात. ते बापाबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले आणि स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. आपण कुणाचे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९५९ सालची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. त्यावर आपण वेगळा वारसा जोडायचं कारण नाही.

नातं शोधायचंच असेल तर ते गिरणगावात शोधावं. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पुढे त्याच कामगारवस्त्यांमधून लाल बावटा कलापथकाची डफ-तुणतुणी घेऊन अण्णाभाऊ उभे राहिले. टिळकांसाठी साचे बंद ठेवणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला आता आपलं दुःख सांगणारा आपल्यातलाच शाहीर मिळाला. हे नातं तारखेपेक्षा कितीतरी पक्कं आहे, पण भाषणात ते क्वचितच येतं.

तेव्हा येत्या एक ऑगस्टला बोलायला उभे राहणार असाल, तर सूर्य घरीच ठेवा. ‘केसरी’तला एखादा अग्रलेख आणि ‘फकिरा’ची चार पानं मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि खाली बसा.