अहो, टिंब बोलतंय!

थांबा! चहा नंतर! आधी इकडे या आणि हे टिंब बघा!

मी काही प्रोग्रामर नाही हो. बिलांची बेरीज करण्यापुरतं जावास्क्रिप्ट शिकलोय, तेही धडपडत. काल ५०० बिलांची बेरीज भलतीच आली म्हणून व्हीएस कोड या एडिटरमध्ये एका ओळीच्या डावीकडे क्लिक केलं. लाल टिंब उमटलं! ब्रेकपॉइंट! म्हणजे प्रोग्राम या ओळीवर आला की थांबणार. प्रोग्राम चालवायला एफ५ दाबलं आणि गडी सुसाट पळून मोकळा! टिंबाला दोन शिव्या हासडल्या, पुन्हा एफ५, पुन्हा तेच, आणि मग सहाव्या खेपेला दिसलं की प्रोग्राम सुरू होताच ते लाल टिंब क्षणभर करडं होतंय! नुसतं करडं नाही, पोकळ!

पोकळ म्हणजे काय, माहितीय? 'ही ओळ मला चालू प्रोग्राममध्ये सापडत नाही!' आणि सापडणार कशी? मी टिंब दिलं होतं फाइलच्या जुन्या कॉपीत आणि चालवत होतो दुसरीच! बिचारं सहा वेळा सांगत होतं, आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो!

मग काय, झोप उडाली! करडं पण भरीव टिंब म्हणजे आपणच बंद करून ठेवलेलं! पत्त्यांतल्या चौकटीसारखं दिसलं तर तो लॉगपॉइंट, तो थांबवत नाही, जाता जाता निरोप लिहितो! आणि लाल टिंबाच्या पोटात बरोबरचं चिन्ह! इतकुसं! ते अट घातलेलं टिंब! अट खरी ठरली तरच थांबणार!

मी योग्य फाइलमध्ये टिंब देऊन अट घातली: एका बिलाची एकूण रक्कम १०००० च्या वर गेली तरच थांब. कारण माझं एकही बिल एवढं मोठं नाही. आणि मग एफ५, आणि मग श्वास रोखून बसलो, आणि मग थांबला हो! टिंबावर पिवळी खूण! बिल १०० रुपयांचं, कर १८, आणि एकूण? १००१८! कुणीतरी १०० हा आकडा अवतरणचिन्हांत टाकला होता, म्हणून बेरजेऐवजी नुसती जोडाजोड!

कुणीतरी म्हणजे मीच. पण ते सोडा! तुमची एखादी अडलेली फाइल आहे का? काढा ना! टिंब मी देतो!