९९९९ मधले उरलेले

ब्रिक गेमच्या खोक्यावर '९९९९ इन १' असं ठळक छापलेलं असायचं. त्या आकड्यावर आमचा पूर्ण विश्वास होता. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं, छत्तीसगढची राजधानी वगैरे व्हायला २००० साल उजाडायचं होतं. तिथल्या आमच्या तात्यापाऱ्यात मराठी घरं बरीच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी आणि भांडण पेटलं की छत्तीसगढी. उन्हाळ्यात नागपूरची भावंडं आली की टोळी मोठी व्हायची, यंत्र मात्र एकच. गेम संपला की ते मुकाट्यानं पुढच्याच्या हातात द्यायचं, हा कायदा. पण मुकाट्यानं कोण देतंय? "अब मोर पारी!" असं ओरडत ते ओढूनच घेतलं जायचं.

नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळांपैकी आम्ही खेळलो तो एकच, वरून पडणारे ठोकळे रचण्याचा. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ साली टेट्रिस लिहिला, त्याचीच ही चिनी, बिनपरवाना नक्कल. हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं! बाकीचे खेळ सापडत नव्हते असं नाही. सुरुवातीला बटण दाबत गेलं की पडद्यावरचं अक्षर बदलायचं आणि प्रत्येक अक्षराखाली वेगळ्या खेळाचा छोटा नमुना हलताना दिसायचा. पण तासभर वाट पाहून मिळालेली पाळी अनोळखी खेळावर कोण उधळणार? नव्या खेळात पहिल्या अर्ध्या मिनिटात मरण ठरलेलं आणि मेलात की यंत्र गेलं. शिवाय दोन पेन्सिल सेलांचा हिशेब आईच्या डोक्यात पक्का असायचा. सेल काढले की हायस्कोअरही पुसला जायचा, म्हणून नवे सेल घालताना घरात सुतकी शांतता.

आकड्याचं गौडबंगाल पुढे कळलं. मूळ खेळ फार तर डझन-दोन डझन. प्रत्येकाच्या सुरुवातीचा वेग बदला, लेव्हल बदला, ठोकळे आधीच रचून ठेवा, चित्र उलटं करून वर रचायला लावा, की झाले हजारो. पण ते डझनभर तरी आम्ही कुठे पाहिले होते?

रायपूरच्या गोलबाजारात खेळण्यांच्या दुकानांतून हे यंत्र अजून मिळतं. तोच राखाडी पडदा, तीच पिवळी बटणं, खोक्यावर तोच आकडा. मध्यंतरी एक घेतलं आणि या खेपेला ठोकळे सोडून पुढे गेलो. पडद्यावर आडवे दहा, उभे वीस असे दोनशे चौकोन. रंग नाही आणि प्रत्येक चौकोनाला दोनच अवस्था, काळा किंवा कोरा. एवढ्यावर कोणा अनामिक चिनी माणसानं रणगाड्यांची लढाई उभी केली आहे. बेडकाचा खेळ त्याहून सरस. बेडूक म्हणजे लुकलुकणारा एक ठिपका. वाहनांच्या रांगांमधून वाट काढत त्याला वर न्यायचं आणि मोकळ्या खाचेत बसवायचं. दोन फेऱ्यांनंतर तो ठिपका खरोखर बेडूक वाटायला लागतो. कसा, ते मला अजून सांगता येत नाही.

माझा सर्वांत लाडका झाला तो बंदुकीचा खेळ. एक बंदूक ठोकळे फोडते, ती सोपी आणि कंटाळवाणी. दुसरी मात्र ठोकळे भरते. वरून अर्धवट ओळी एकेक घर खाली सरकत येतात, आपण खालून ठोकळे फेकून त्यांचे खड्डे बुजवायचे, ओळ भरली की गायब. नेम चुकला तर तो ठोकळा तिथेच चिकटून बसतो आणि नवी भानगड उभी करतो. टेट्रिसला डोक्यावर उभं केल्यासारखा हा खेळ माझ्या हातात लहानपणी वर्षानुवर्षं होता आणि मी त्याचं अक्षर ओलांडून पुढे जात होतो.

नागपूरला जाताना यंत्र बरोबर असायचंच. डोंगरगड मागे पडलं की बोरतलाव-दरेकसाच्या जंगलात बोगदा लागतो. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, डब्यातले दिवे दिवसा बंद. बोगद्यात शिरताच सगळं काळं आणि त्या काळोखात ठोकळे पडल्याची पिकपिक चालूच. 'पॉज' दाबणं कमीपणाचं मानलं जाई. मोठा आतेभाऊ तेवढा वेळ आवाजावर खेळायचा आणि बाहेर आल्यावर पडद्याची जी अवस्था झालेली असे तिचं खापर रेल्वेवर फोडायचा.

त्याच मार्गावर ११ डिसेंबर २०२२ पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारत धावते. परवा तिच्यातून नागपूरहून येताना भाच्याच्या हातात तळहाताएवढं चिनी यंत्र होतं, जुन्या कन्सोलांचे खेळ चालवणारं. पडदा लखलखीत, कार्डात हजारो खेळ, आणि या वेळी आकडा खरा. (ते कार्डात कोणाच्या परवानगीनं आले, हे विचारायचं नसतं.) बोगदा आला नि गेला, त्यानं मान वर केली नाही. पण खेळत कुठे होता? एक उघडायचा, वीस सेकंद पाहायचा, बंद करायचा. "मामा, यात काही होतच नाही." मग शेवटी ओळखीचा मारिओ.

त्याच्या कार्डात गेम बॉयचेही खेळ होते. तो गेम बॉय आमच्या गल्लीत कोणाकडे नव्हता, फक्त ऐकून माहीत होता. गुनपेई योकोई आणि त्यांच्या निन्टेन्डोतल्या सहकाऱ्यांनी तो १९८९ मध्ये आणला. जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान नव्या कामाला जुंपायचं हा योकोईंचा बाणा. प्रतिस्पर्धी रंगीत, उजेडाचे पडदे देत असताना त्यांनी हिरवट, बिनउजेडाचा पडदा ठेवला आणि बाजार जिंकला. रंगीत आवृत्ती धरून ११ कोटींहून अधिक यंत्रं खपली. इतक्या खपात कितीतरी चांगले खेळ दबून गेले. १९९६ चा 'मोल मॅनिया' घ्या. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो त्याचे निर्माते, पण त्याच वर्षी जपानात पोकेमॉन आला आणि बिळात राहणाऱ्या या चिचुंद्रीसारख्या नायकाकडे पाहायला कोणाला सवड उरली नाही. जमिनीच्या वर एक नकाशा, खाली दुसरा. मऊ माती दिसेल तिथे भोक पाडून खाली जायचं, दुसरीकडून वर यायचं, लोखंडी गोळा ढकलत नेऊन दार फोडायचं. पाडलेलं भोक बुजत नाही आणि गोळा नेमका त्याच भोकात पडतो.

असाच दबलेला दुसरा खेळ १९९२ चा, फक्त जपानात निघालेला, नावाचा अर्थ साधारण 'बेडकासाठी घंटा वाजते'. राजपुत्र बेडूक होतो, पुढे सापही होतो आणि त्या त्या रूपात कुठे उडी मारता येईल, कुठून सरपटता येईल हे बदलतं. शत्रूला नुसतं धडकायचं, लढाई आपोआप होते. जपानी न येणाऱ्यांना तो खेळता आला तो २०११ मध्ये, हौशी लोकांनी फुकट केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे. आमच्याकडच्या बाँटी (गोट्या), भौंरा (भोवरा), गेडी या मागे पडलेल्या खेळांना २०२२ मध्ये छत्तीसगढ सरकारनं 'छत्तीसगढिया ओलिंपिक' भरवून मैदानावर आणलं. बेडूकराजाला असा कोणी वाली नव्हता, चार वेड्यांनी रात्री जागून ते काम केलं.

आम्हांला पाळी महाग होती म्हणून खेळ राहून गेले. भाच्याला पाळी फुकट आहे म्हणून राहतात. खरं सांगायचं तर आमची अडचण मला बरी वाटते. निदान एक खेळ तरी आमच्या हाडामांसी खिळला. म्हणून या सुट्टीत रायपूरच्या घरी जुना कायदा पुन्हा लागू केला आहे. खेळ चिठ्ठी टाकून निवडायचा, मेलं की यंत्र दुसऱ्याच्या हातात, मधे बदल नाही. परवा चिठ्ठीत मोल मॅनिया निघाला आणि कायद्याची पंचाईत झाली. त्यात माणूस लवकर मरत नाही, अडकतो. अडकल्यावर पडद्याबाहेर जाऊन परत आलं की सगळं पूर्ववत. भाच्याचं म्हणणं, बाहेर जाणं म्हणजे मरण नव्हे, पाळी चालू. माझं म्हणणं, बाहेर गेलास की यंत्र इकडे दे. त्याच्या आईनं त्याची बाजू घेतली. लहानपणीही ती मला यंत्र वेळेवर देत नसेच.