कौलावरचं साल

जयपूरच्या सिविल लाइंसमध्ये आम्ही राहतो त्या जुन्या बंगल्यामागे नोकरांसाठी बांधलेल्या दोन खोल्या आहेत. इथली छपरं एरवी दगडी पट्ट्यांची. या खोल्यांवर मात्र मंगलोरी कौलं. पावसाळ्याआधी ती चाळायला काढली, तेव्हा एकाच्या पाठीवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा ठसा दिसला. मिस्त्री हरखले. “साब, डेढ़ सौ साल से ऊपर की है!”

१८६५ हे मिशनने मंगळुरात कारखाना काढला ते साल. साच्यातच ते कोरलेलं असल्यामुळे पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक कौलावर उमटत राहिलं. कौल केव्हाचं ते दुसरीकडून काढावं लागतं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचं कौल साधारण त्याआधीचं. दुसरी बाजू आगगाडीची. ती जयपूरला आली १८७०च्या दशकात, आणि त्याआधी मंगळुराहून एवढं ओझं बैलगाडीने कोण आणणार? राहतात चाळीसेक वर्षं. त्याहून नेमकं हे कौल काही सांगत नाही. शिवाय कौलं एका घरावरून उतरून दुसऱ्यावर चढतात, त्यामुळे खोल्यांचं वय त्यावरून ठरवू नये.

तरी हे सोपं, कारण ठसा आहे. आमच्या आजोळच्या नळीच्या कौलांवर काहीच नसायचं. कुंभार चाकावर नळकांडं ओढायचा, ओलं असतानाच उभं चिरून दोन कौलं करायचा. आतल्या बाजूला बोटांच्या आडव्या रेघा राहतात; साच्यातल्या कौलाला त्या नसतात. हातचं की साच्यातलं, हे त्यावरून लगेच कळतं. पण ही घडण शतकानुशतकं फारशी बदलली नाही. असं सुटं कौल हातात देऊन कुणी शतक विचारलं, तर जाणकारानेही गप्प बसावं. तेर गावच्या उत्खननात सातवाहनकाळची खाचांची, खिळ्यांसाठी भोकं असलेली चपटी कौलं सापडली. तिथे मातीचा थर आणि सोबतची नाणी-खापरं साक्षीला होती. दौलताबादच्या चांदमिनारावर चकाकत्या फरशांचे जे अवशेष उरलेत, त्यांचा काळही मिनारावरच्या फारसी लेखामुळे बांधता येतो. लेख १४४५चा आहे. नुसत्या निळ्या रंगावरून कुणी ‘बहमनी’ म्हणत असेल, तर मी तरी मान डोलावणार नाही.

जयपूर वसलंच १७२७मध्ये. इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात ‘मध्ययुगीन’ म्हणून फरशी दाखवली, तर ती कुठल्या इमारतीतून काढली हे आधी विचारावं. उत्तर नसेल तर ती शोभेची वस्तू समजून तेवढेच पैसे द्यावेत.

तुमचं जुनं घर उतरवणार असाल, तर ठशाची दोन-चार कौलं भंगारात जाऊ देऊ नका. कुठल्या गावची, कुठल्या खोलीवरची, कधी उतरवली, एवढं त्यांच्या पाठीवर पक्क्या शाईने लिहून ठेवा.